गोंदण

गोंदण : त्वचेला सुईने वा काट्याने बारीक छिद्रे पाडून त्यांत रंगद्रव्य भरल्यामुळे उमटणारी कायमची आकृती आणि अशी आकृती काढण्याची कला. ही क्रिया मराठीत गोंदणे, हिंदीत गोदना, कन्नडमध्ये हच्चे, तर तेलुगूत पच्चबोट्टू या नावांनी ओळखली जाते. तेलुगू संज्ञेतील ‘पच्च’ म्हणजे हिरवा आणि ‘बोट्टू’ म्हणजे टिळा. गोंदण्यासाठी वापरली जाणारी काजळी मुळात काळी असते. तथापि त्वचेच्या थरातून पाहिल्यास ती निळसर-हिरवी दिसते. त्यामुळे मराठीतही ‘हिरवे गोंदण’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. मेंदी, हळद वा रंग यांनी केलेले शरीराचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. तापलेल्या धातूने डागल्यास त्वचा जळून व्रण राहतो. गोंदण या दोहोंहून वेगळे आहे. ते पुसले जात नाही आणि उतरविताही येत नाही. अलंकार, लेखन आणि ओळखखूण अशी त्याची तिन्ही कार्ये या एका गुणातून निर्माण झालेली आहेत.

मराठवाड्याच्या लातूर व नांदेड या जिल्ह्यांच्या सीमा कर्नाटक व तेलंगण या राज्यांना भिडलेल्या आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि बंजारा या भाषा बोलणारे लोक येथे शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे गोंदणाच्या परंपरेचा विचार करण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी व तिच्या परिसरातील गावांनी १९९३ च्या भूकंपात घरदार, दागदागिने आणि कागदपत्रे एका पहाटेत गमावली. न हरवणारी मालमत्ता म्हणून गोंदणाकडे पाहण्याची जी लोकसमजूत आहे, तिचा अर्थ या घटनेच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो.

प्राचीन इतिहास : गोंदण्याची प्रथा अतिप्राचीन असून ती जगाच्या परस्परांपासून दूर असलेल्या भागांत स्वतंत्रपणे उदय पावली असावी. आल्प्स पर्वतात इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेजवळ १९९१ मध्ये हिमात गोठलेल्या अवस्थेत एका पुरुषाचे शव सापडले. ‘ओट्झी’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा पुरुष इ.स.पू. सु. ३३०० च्या काळातील आहे. त्याच्या शरीरावर गोंदणाच्या ६१ खुणा आढळल्या आहेत. त्या मुख्यत्वे समांतर रेषा व फुल्या अशा स्वरूपाच्या असून कंबर, गुडघे व घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ त्यांतील पुष्कळशा आहेत. त्यामुळे त्या वेदनाशमनासाठी केल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ईजिप्तमधील गेबेलेन येथे सापडलेल्या व ब्रिटिश संग्रहालयात असलेल्या जवळजवळ त्याच काळातील शवांवर पशूंच्या व इतर आकृती असल्याचे २०१८ मध्ये अवरक्त किरणांच्या साहाय्याने निष्पन्न झाले. सायबीरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील थडग्यांत गोठून टिकलेल्या शवांवर कल्पित पशूंची अत्यंत प्रमाणबद्ध गोंदणे आहेत. ग्रीक व रोमन समाजांत मात्र गोंदण प्रामुख्याने गुलाम व गुन्हेगार यांच्यासाठी वापरले जाई.

पॉलिनीशियन बेटांतील ‘तताऊ’ या शब्दावरून ‘टॅटू’ ही आज जगभर रूढ असलेली संज्ञा आली. जेम्स कुकच्या १७६९ मधील ताहिती भेटीनंतर ती इंग्रजीत रूढ झाली. न्यूझीलंडमधील माओरींचे मुखावरील गोंदण व्यक्तीचे कूळ आणि प्रतिष्ठा दर्शविते. जपानमध्ये एकीकडे चित्रकलेच्या दर्जाचे सर्वांगगोंदण विकसित झाले, तर दुसरीकडे अपराध्यांच्या अंगावर शिक्षेची खूण म्हणूनही गोंदण्यात येई. १८७२ मध्ये तेथे या कलेवर घातलेली बंदी १९४८ मध्ये उठली. न्यूयॉर्कमधील सॅम्युएल ओराइली याने १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व मिळविले. आज मराठवाड्यातील यात्रांतून घरघरणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

गोंदण आणि सत्ता : गोंदण स्वेच्छेने करून घेतले आहे की लादलेले आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात बंगाल इलाख्यात १७९७ च्या विनियमान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा व शिक्षा यांची नोंद गोंदण्याची तरतूद झाली. मद्रास इलाख्यातही ही पद्धत होती. कैदी पळून गेल्यास त्याला ओळखता यावे, हा तिचा हेतू होता. सुटलेले वा पळालेले कैदी कपाळपट्टीपर्यंत पागोटे ओढून ही खूण झाकीत. १८४९ मध्ये कायद्याने ही पद्धत रद्द करण्यात आली. ज्या देशात स्त्रिया कपाळावरील गोंदण सौभाग्याचे व शोभेचे मानीत होत्या, त्याच देशात राज्यकर्त्यांनी कपाळावरील गोंदणाला कायमच्या बेअब्रूचे साधन बनविले, ही या इतिहासातील लक्षणीय विसंगती होय.

या विसंगतीची दुसरी बाजू गोंदणाऱ्यांच्या वाट्याला आली. दक्षिण भारतात गोंदण्याचा व्यवसाय बहुतांशी भटक्या जमातींतील स्त्रियांकडे होता. तमिळ प्रदेशात कोरवा स्त्रिया, कन्नड प्रदेशात बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या किळ्ळेक्यात जमातीतील स्त्रिया, मध्य भारतात ओझा व बादी, तर छत्तीसगडमध्ये देवार स्त्रिया हे काम करीत. महाराष्ट्रातील कैकाडी ही जमात कोरवांशी संबद्ध आहे. टोपल्या विणणे हा तिचा मुख्य व्यवसाय असून गावोगाव फिरणाऱ्या अशा जमातींच्या स्त्रियाच गोंदणारणी म्हणून दारी येत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारणांनी कैकाड्यांसह अनेक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. त्यांच्या हालचालींवर हजेरीचे व परवान्याचे निर्बंध आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. घराघरांतील मुलींच्या अंगावर मांगल्याची चिन्हे उमटविणारे हात अशा प्रकारे स्वतः मात्र कायद्याच्या शिक्क्याखाली वावरत होते. फिरस्तीवरच अवलंबून असलेल्या या व्यवसायाच्या ऱ्हासाचा विचार करताना ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

तंत्र : परंपरागत पद्धतीत तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी हे मुख्य रंगद्रव्य असे. ती पाण्यात, तेलात, पाल्याच्या रसात किंवा काही ठिकाणी बाळंतिणीच्या दुधात कालवून घेत. दोन-तीन किंवा अधिक सुया दोऱ्याने एकत्र बांधून त्यांची टोके समपातळीत आणीत. प्रथम काडीने आकृती रेखून मग सुयांनी भरभर टोचीत, रक्त पुसून त्यावर काजळी चोळीत आणि शेवटी हळद व तेल लावीत. सूज उतरून खपली पडल्यावर आकृती स्पष्ट दिसू लागे. गोंदताना मुलीचे लक्ष वेदनेवरून उडावे म्हणून गोंदणारीण गाणी म्हणे; घरातील वडीलधाऱ्या बायका मुलीचा हात धरून बसत. मोबदला बहुधा धान्य, जुने लुगडे किंवा थोडी नाणी अशा स्वरूपात दिला जाई.

रंगद्रव्य बाह्यत्वचेत राहिले, तर त्या थराच्या कोशिका सतत झडत असल्याने काही आठवड्यांत नाहीसे होईल. सुई मात्र ते खालच्या अंतस्त्वचेत नेऊन सोडते. तेथे शरीराच्या संरक्षक यंत्रणेतील महाभक्षी कोशिका हे परके कण गिळतात. परंतु त्यांना ते पचविता येत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की या कोशिका मेल्यावर बाहेर पडलेले कण त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या कोशिका पुन्हा गिळतात. गोंदणाचा टिकाऊपणा म्हणजे एकाच जागी चाललेले हे अखंड हस्तांतरण होय. वयोमानाप्रमाणे काही कण इतस्ततः सरकतात, म्हणून वृद्ध स्त्रियांच्या गोंदणाच्या रेषा फाकलेल्या व पुसट दिसतात.

आकृती व स्थाने : महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांच्या गोंदणात ठिपका हा मूळ घटक असून ठिपक्यांच्या व रेषांच्या जुळणीतून बहुतेक आकृती सिद्ध होतात. या दृष्टीने गोंदणाचे रांगोळीशी जवळचे नाते आहे. भुवयांच्या मध्यभागी टिळा, उभी रेघ किंवा चंद्रकोर. हनुवटीवर व गालावर ठिपका. मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, तुळशीवृंदावन, कमळ, मोर, चांदणी, स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावले, पाळणा व विंचू अशा आकृती आढळतात. तुळस पावित्र्याची, पाळणा अपत्यसुखाचा आणि कमळ समृद्धीचे द्योतक समजले जाते. विंचू गोंदविल्याने विंचवाची बाधा होत नाही, अशी समजूत होती. शेतात, गोवऱ्यांत व दगडमातीच्या भिंतींत विंचवाचा नित्य सहवास असलेल्या प्रदेशात ही आकृती लोकप्रिय व्हावी, हे स्वाभाविक होय. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर या तालुक्यांत गोंड, कोलाम, प्रधान व आंध या जमातींची वस्ती असून तांड्यांतून राहणारा बंजारा समाज लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत आहे. बंजारा स्त्रियांच्या आरसेकामाच्या पोशाखाप्रमाणे व बांगड्यांप्रमाणे गोंदण हाही त्यांच्या परंपरागत सजावटीचा भाग राहिला आहे. इस्लामी धर्मशास्त्राच्या बहुतेक प्रवाहांनी गोंदणे निषिद्ध मानल्यामुळे मुसलमान स्त्रियांत मेंदीला प्राधान्य मिळाले.

पुरुषांचे गोंदण संख्येने कमी व प्रकाराने वेगळे असते. देवाचे नाव, हनुमान वा त्रिशूल, स्वतःचे किंवा मित्राचे नाव दंडावर वा हातावर यात्रेत गोंदवून घेण्याची पद्धत आहे. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथील खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी आणि भटक्या जमातींच्या मेळाव्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा यात्रांमुळे गावोगाव विखुरलेला कारागीर आणि त्याचे गिऱ्हाईक यांची वर्षातून एकदा गाठ पडे.

वैयक्तिक व सामाजिक अर्थ : मुलीचे गोंदण बहुधा लग्नाआधी माहेरी होई. गोंदण नसलेल्या सुनेला ‘आईबापांनी काय दिले?’ असे सासरी ऐकावे लागे. काही ठिकाणी तिच्या हातचे पाणी पिण्यासही नाखुशी दाखविली जाई. गोंदण हे माहेरचे देणे समजले जात असल्याने त्यात भावाचे वा आईचे नावही आढळते. पतीचे नाव उच्चारण्यास संकोच असलेल्या समाजात तेच नाव अक्षरओळख नसलेल्या स्त्रीच्या हातावर कायमचे लिहिलेले असे. अनेक स्त्रियांच्या बाबतीत त्यांच्या जवळ असलेले स्वतःविषयीचे एकमेव लिखित हेच होते.

मेल्यानंतर दागिने, वस्त्रे, घरदार सारे मागे राहते, बरोबर येते ते गोंदण, अशी समजूत महाराष्ट्रातच नव्हे, तर मध्य व उत्तर भारतातही व्यापक आहे. परलोकात देव ‘काय आणलेस?’ असे विचारील, तेव्हा दाखविण्यासाठी ते हवे, असे वृद्ध स्त्रिया सांगतात. या समजुतीमागे मालमत्तेचा एक रोकडा अनुभव आहे. हिंदू स्त्रियांना वारसाहक्काची व्यापक कायदेशीर मान्यता १९५६ च्या वारसा कायद्याने मिळाली. तोपर्यंत, आणि व्यवहारात त्यानंतरही, ग्रामीण स्त्रीजवळ आपली म्हणावी अशी वस्तू क्वचितच असे. दुष्काळात दागिना गहाण पडे, नवऱ्याच्या कर्जापायी विकला जाई किंवा चोरीला जाई. वैधव्य आल्यावर कुंकू पुसले जाई, बांगड्या फुटत, मंगळसूत्र उतरविले जाई. कपाळावरचे गोंदण आणि हातावरचे नाव मात्र कोणालाही काढून घेता येत नसे. सावकार, चोर आणि रूढी या तिघांच्याही हाती न लागणारा दागिना, असे गोंदणाचे वर्णन करता येईल.

त्याला एक मर्यादाही होती. जे उतरविता येत नाही, ते नको असतानाही वागवावे लागते. महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांना जात ओळखू येईल असा पोशाख व दागिने टाकून देण्याचे आवाहन केले. लुगडे नेसण्याची पद्धत बदलता आली, कथलाचे व चांदीचे दागिने टाकता आले. परंतु ज्या गोंदणावरून समाज वा जात ओळखली जाई, ते टाकणे शक्य नव्हते. पुढील पिढ्यांतील मुलींना आयांनी ते करूच दिले नाही, यामागे शिक्षणाबरोबर हा विचारही होता. आज याच वर्गातील तरुण ‘जय भीम’ ही अक्षरे स्वखुशीने गोंदवून घेतात. लादलेल्या ओळखीकडून निवडलेल्या ओळखीकडे झालेला हा प्रवास आहे.

किल्लारीचा भूकंप व गोंदणाचा अर्थ : ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या गणेशविसर्जनानंतर गावे झोपेत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड धाब्यांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सु. १०,००० माणसे मृत्यू पावली. असंख्य मृतांवर सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात उबदार राहणारी, पिढ्यांच्या कष्टाने बांधलेली ही घरेच मृत्यूचे कारण झाली. धान्याची पेवे, भांडी, दागिने, जमिनीची कागदपत्रे आणि घरातील छायाचित्रे ढिगाऱ्यात गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी संपूर्णपणे वसविण्यात आली.

भारतातील पोलीस पंचनाम्यांत आणि अनोळखी मृतदेहांविषयीच्या निवेदनांत हातावर गोंदलेल्या नावाचा वा आकृतीचा आवर्जून उल्लेख असतो. जेव्हा चेहरा, कपडे वा कागद यांपैकी काहीच उरत नाही, तेव्हा गोंदलेले नाव माणसाला त्याच्या कुटुंबाकडे परत नेऊ शकते. कंपनी सरकारने कैद्याच्या कपाळावर लिहिले, तेही ओळख पटावी म्हणूनच. परंतु तेथे ओळख सत्तेसाठी होती, येथे ती आप्तांसाठी असते. वाचलेल्या माणसांच्या बाबतीतही हा अर्थ लागू पडतो. ज्या वृद्धेचे घर, वाडा, गल्ली आणि माहेरचे गावही नकाशावरून जुन्या जागी नाहीसे झाले, तिच्या हातावर लहानपणी त्या गावात उमटलेली तुळस मात्र तशीच राहिली. गोंदण मृत्यूनंतर सोबत येते, ही समजूत श्रद्धेचा विषय आहे. ते सर्वनाशानंतर सोबत राहते, हे मात्र प्रत्यक्ष सत्य आहे.

भूकंपामुळे ही परंपरा थांबली, असे म्हणता येणार नाही. ती त्यापूर्वीच क्षीण झाली होती. तथापि पुनर्वसनाने गावांची रचना बदलली. दाटीच्या गल्ल्यांच्या जागी रुंद रस्ते व ओळीने आखलेले भूखंड आले. ओट्यावर बायका जमणे, फिरस्तीची हाक ऐकून मुलींना बाहेर बोलावणे, शेजारणींनी आकृती निवडणे हा गोंदणाचा सामाजिक परिसर ज्या वस्तीत रुजलेला होता, तीच वस्ती उरली नाही.

आधुनिक काळ : शिक्षणाचा प्रसार, शहरी अभिरुची, भटक्या व्यवसायांचा ऱ्हास आणि रोगसंसर्गाची जाणीव यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारंपरिक गोंदण झपाट्याने मागे पडले. शिकलेल्या अनेक मुलींना कपाळावरील गोंदण अडाणीपणाचे लक्षण वाटू लागले. त्याच काळात तो शब्द साहित्यात मात्र प्रतिष्ठा पावला; शांता शेळके यांच्या १९७५ मधील कवितासंग्रहाचे नाव गोंदण असेच आहे. बिहारच्या मिथिला प्रदेशात दलित स्त्रियांनी अंगावरील गोदन्याच्या आकृती कागदावर उतरवून चित्रकलेची एक स्वतंत्र शैली घडविली. महाराष्ट्रात वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आली. मराठवाड्यातील गोंदणाला मात्र असे दुसरे माध्यम लाभले नाही.

एकविसाव्या शतकात गोंदण ‘टॅटू’ या नावाने पुण्या-मुंबईबरोबरच लातूर, नांदेडसारख्या शहरांतही परत आले आहे. शिवाजी महाराजांची मुद्रा, महादेव, आईचे नाव, अपत्याचे पाऊल या आकृतींना मागणी असते. आजीने सर्व बायकांसारखे व्हावे म्हणून गोंदविले, तर नात इतरांहून वेगळे दिसावे म्हणून गोंदविते. परंतु आईचे नाव दोघींच्याही हातावर आढळते. सैन्यभरतीच्या नियमांत कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंत व हाताच्या मागील बाजूस असलेले गोंदण चालते. इतरत्र असल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो, मात्र आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. सैन्यभरतीच्या तयारीत असलेल्या ग्रामीण तरुणांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. एकच सुई अनेकांना वापरल्यास कावीळ ब व क यांचे आणि एच.आय.व्ही.चे संक्रमण होऊ शकते. म्हणून प्रत्येकासाठी नवी, निर्जंतुक सुई व वेगळी शाई वापरणे आवश्यक असते. लेसर किरणांनी रंगकण फोडून गोंदण फिके करता येते. तथापि ही पद्धत खर्चिक व वेदनादायक असून खूण पूर्णपणे जाईलच, असे नाही.

दागिने, वस्त्रे व भांडी संग्रहालयात ठेवता येतात. गोंदण ते वागविणाऱ्या व्यक्तीबरोबरच चितेवर वा मातीत जाते. ठिपक्यांच्या जुन्या आकृती अंगावर असलेल्या मराठवाड्यातील स्त्रिया आता बहुतांशी वार्धक्यात आहेत. त्यांच्या संमतीने त्या आकृतींची रेखाटने व छायाचित्रे घेणे, प्रत्येक आकृतीचे स्थानिक नाव, ती कोठे, कोणत्या वयात व कोणाच्या हातून गोंदली गेली यांची नोंद करणे आणि गोंदणाऱ्या कुटुंबांच्या आठवणी लिहून घेणे हे काम याच पिढीच्या हयातीत होऊ शकते. त्यानंतर या कलेचा अभ्यास करण्यास मूळ साधनच उपलब्ध राहणार नाही.